जमिनीखालचा वाटा

उत्तर डकोटातल्या एकशेसाठ एकर जमिनीखालच्या तेलाची मी मालकीण आहे, हे मला एका तेल कंपनीच्या पत्रातून कळलं. ती जमीन वडिलांनी साठ वर्षांपूर्वीच विकून टाकली होती. खालचं तेवढं विकलं नव्हतं, आणि त्यांच्या मागे ते माझ्या नावावर आलं. आमच्याकडे वरची माती एकाची आणि खालचं तेल दुसऱ्याचं असू शकतं. खालच्याने सही केली की वरच्याच्या शेतात यंत्रं शिरतात.

सहीला एकरी नऊशे डॉलर आणि तेल लागलं तर सहावा हिस्सा, असा भाडेपट्टा होता. डुलुथच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात मी तेवीस वर्षं उभी आहे. माझे गुडघे केव्हाच संपावर गेलेत. मी तिथल्या तिथे सही ठोकली असती, पण वकीलबाई म्हणाल्या, "आधी जमीन बघून ये. शेजाऱ्यांना काय मिळालं तेही विचार."

म्हणून दहा तास गाडी हाकत मी आर्डिस ट्वाइटकडे गेले. वडिलांकडून जमीन घेतली ती तिच्या सासऱ्यांनी, गुडमुंडनी. आता ब्याऐंशीची आर्डिस तिथे एकटी राहते.

"कॉफी घेतेस?"

"नको, उगाच त्रास."

"त्रास कसला, ठेवलेलीच आहे."

"नको, खरंच. वाटेत झाली."

"अर्धा कप तरी घे गं."

"बरं, अर्धाच."

तिने कप काठोकाठ भरला. आम्हा नॉर्वेहून आलेल्यांच्या घरात पहिला नकार मोजत नाहीत, दुसराही नाही. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा माणूस हावरट ठरतो.

मी पत्र टेबलावर ठेवलं. "शेजाऱ्यांना किती मिळाले हो?"

"कुणास ठाऊक, बाई."

"मी सही करावी का?"

"तुझं आहे, तू ठरव. आम्ही काय, वरचे."

मग तिने उगाचच टेबल पुसलं आणि म्हणाली, "तुझे वडील इथेच बसले होते. मी नवी सून, चुलीपाशी उभी. ते म्हणाले, खालचंही घेता का? शंभर डॉलर जास्त पडतील. मामंजी म्हणाले, नको नको, राहू दे."

"मग?"

"मग काय? तुझ्या वडिलांनी पेनाचं टोपण काढलं."

वडील तेव्हा दहा वर्षं शिकागोत काढून आलेले. तिथे नको म्हणजे नको. इकडे गुडमुंड दुसऱ्यांदा विचारतील म्हणून वाट बघत बसले, आणि कागद झाला.

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"मागायचं कसं? मामंजी मरेपर्यंत म्हणायचे, एकदाच विचारलं रे त्याने."

मला वडिलांचा राग आला, आणि या ट्वाइटांच्या सभ्यपणाचाही. भिडेपायी साठ वर्षं गप्प बसायचं म्हणजे काय! पण कायदा माझ्या बाजूने होता आणि पत्र माझ्या नावाचं.

"आर्डिस, अर्धं तुमच्या नावावर करते."

"छे, छे! तुझ्या वडिलांचं आहे ते."

"घ्या हो अर्धं."

"नको गं. या वयात मला काय करायचंय?"

दोन नकार झाले. तिथेच थांबले असते तर सगळं माझं राहिलं असतं आणि कुणी मला बोल लावला नसता, तिनेही नाही. खोटं कशाला सांगू, मी थांबले. बाहत्तर हजार डॉलर सोडायचे होते. कॉफीचे दोन घोट घेतले. ती टेबल पुसतच होती, एकच जागा, पुन्हा पुन्हा. मला माझीच लाज वाटली.

"आर्डिस, अर्धं तुमचं आहे."

तिचा हात थांबला.

"एवढं म्हणतेस तर…" तिने फडक्यानेच डोळे टिपले.

मग तिने चष्मा चढवला, पत्र स्वतःकडे ओढलं आणि वरपासून खालपर्यंत वाचून काढलं.

"ही लूट आहे. पलीकडच्या हाउगेनना एकरी बाराशे मिळालेत आणि पाचवा हिस्सा. आणि तेलाची विहीर पाडायची तर माझ्या शेतातल्या झऱ्यापासून पाव मैल लांब, हे लिहून घ्यायचं. नाहीतर सही नाही."

मी बघतच राहिले. "अहो, मघाशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मघाशी माझं कुठे होतं?"