पट्ट्यावरच्या दातांच्या खुणा

साल १९८३. त्या वर्षी खंडेनवमीला बोरिवलीच्या एका ब्लॉकमध्ये मला माळ्यावरून खाली काढलं आणि एकोणचाळीस वर्षं जपलेलं एक खोटं उघडं पडलं. मित्रांनो, मी विमानात घालायची एक जुनी चामडी टोपी आहे. माझ्या कानांपाशी हेडफोन शिवलेले आहेत आणि हनुवटीखाली एक पट्टा आहे. ही हकिकत त्या पट्ट्याची.

माझा पहिला धनी गुणाजी, मनोरीचा कोळी. आमच्या लढाऊ विमानात दोनच माणसं. पुढे वैमानिक नंदकुमार आणि त्याच्याकडे पाठ करून मशीनगनवर गुणाजी; एकमेकांचा आवाज हेडफोनमधूनच ऐकू येई. १९४४ साली ब्रह्मदेशाच्या लढाईत आम्ही बॉम्ब टाकायला जात असू. वरून पेटलेली गावं दिसत. पळणारी माणसं दिसत आणि मग धुरात दिसेनाशी होत.

एके सकाळी शत्रूचं विमान आमच्या शेपटीमागे लागलं. गोळ्यांनी काच फुटली. गुणाजीच्या मांडीचं हाड मोडून बाहेर आलं. एक गोळी मला फाडून त्याच्या कानामागून गेली. त्याचं गरम रक्त माझ्या अस्तरात भरलं. ओरडू नये म्हणून त्याने माझा पट्टा दातांत धरला, पण मशीनगन सोडली नाही. मागचं विमान पेटून जंगलात कोसळलं. पट्टा तोंडातून सुटला की गुणाजी किंचाळे, मग पुन्हा चावे. चाकं जमिनीला टेकली तेव्हा त्याचा आवाज थांबला होता.

नंदकुमारला पदक मिळालं. मनोरीला जाऊन त्याने गुणाजीच्या तरुण बायकोला, शेवंतीला सांगितलं, "वहिनी, एका क्षणात गेला. काही कळलंसुद्धा नाही त्याला."

मग त्याने माझं भोक शिवून घेतलं आणि मलाच घालू लागला. काश्मीरच्या लढाईत आम्ही गोळ्या चुकवत जखमींना आणलं. पुढे पुरात अडकलेल्यांना अन्न टाकलं. आणखी एक पदक आलं. निवृत्तीनंतर पदकं काचेच्या कपाटात गेली आणि मी माळ्यावर. कारण शेवंती दर खंडेनवमीला परसातले नारळ घेऊन येई. माझा पट्टा तिच्या नजरेस पडू नये, एवढीच नंदकुमारची धडपड होती.

त्याच्या सुनेला, क्षमाला, यातलं काही ठाऊक नव्हतं. पाटावर विळी, अडकित्ता, नवऱ्याचे नट आवळायचे पाने मांडून तिने पदकं चिंचेने लखलखीत घासली. मग पूजेसाठी मला काढलं आणि नारळ घेऊन आलेल्या शेवंतीला दाखवलं.

"केवढे डाग गं बाई! मावशी, रिठ्याच्या पाण्यात टाकू का हिला?"

"थांब, बघू," म्हणत शेवंतीने मला हातात घेतलं. तिचं बोट पट्ट्यावरून फिरलं आणि एका जागी थांबलं. चाव्याच्या खुणांत मधल्या एका दाताची जागा कोरी होती. वल्हं लागून गुणाजीचा पुढचा दात लग्नाआधीच पडला होता.

"भाऊ, इकडं या!" तिने हाक मारली. नंदकुमार आला आणि मला पाहून दारातच थबकला. "एका क्षणात गेलेला माणूस पट्टा चावतो होय?"

तो पाटाशेजारी बसला. "वहिनी, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"माझा त्रास मी बघेन. काय बोलला तो?"

"शिव्या घातल्या मला. म्हणाला, सरळ चालव रे हलकटा, गाढवावर बसलायस काय?"

शेवंती खदखदून हसली आणि हसताहसताच रडू लागली. "हां, हा माझा नवरा! तुम्ही सांगत होता तो कोण होता, मला कधी ओळखूच आला नाय. आणि मग?"

"मग ओरडला. खूप ओरडला. मला हेडफोन काढून टाकता आला असता. नाही काढला."

तिने माझा पट्टा मुठीत धरला. "म्हणजे एकटा नव्हता," ती म्हणाली आणि मला पदराखाली घेऊन मार्व्याहून मनोरीला जाणाऱ्या होडीत बसली.

नंदकुमार १९८७ साली वारला. त्याआधी दर खंडेनवमीला तोच मनोरीला येऊ लागला होता, आणि शेवंती त्याला गुणाजीच्या शिव्या पुन्हापुन्हा सांगायला लावी. पदकं आता क्षमाकडे आहेत. ती त्यांच्याबरोबर गुणाजीचंही नाव सांगते. शेवंती थकली आहे. मी तिच्या उशाशी खुंटीवर असते.

मित्रांनो, खाऱ्या वाऱ्याने माझं चामडं तडकतं आहे. जमलं तर मला थोडं तेल लावा. तेवढे डाग मात्र धुऊ नका.