वरचा वॉर्ड

दवाखान्याची लिफ्ट बंद पडली तेव्हा सगळे हळहळले, एकटा बाळासो सोडून. बाळासो हा वॉर्डबॉय. गडी कोडोलीचा, दणकट, आवाज तर त्याहून दणकट. लिफ्ट नाही म्हटल्यावर डॉक्टर प्रियदर्शनी चौगल्यांना चाकाच्या खुर्चीसकट वरच्या वॉर्डात न्यायचं काम आपलं, हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं. आपल्याच गावचे तिघे हाताशी धरले, एक सिक्युरिटीचा कृष्णात आणि दोघे कँटीनचे. रोज सकाळी चौघं खुर्चीचे चार कोपरे धरायचे, बाळासो "ज्योतिबाच्या नावानं" म्हणून आरोळी ठोकायचा, बाकीचे "चांगभलं" करायचे आणि खुर्ची उचलली जायची. जिन्यात बसलेले पेशंटचे नातेवाईक पाय आखडून घ्यायचे. एखादी म्हातारी चक्क हात जोडायची.

प्रियदर्शनी हसायची. चार माणसं घाम गाळून आपल्याला वर नेत असताना तोंड वाकडं करून बसणं शोभत नाही. पण पहिल्या पायरीला खुर्ची मागं कलली की ती डोळे मिटून घ्यायची. वर टेकेपर्यंत ती डॉक्टर नसायची, ओझं असायची. हे तिनं कुणाला कधी सांगितलं नाही.

ती मुरगूडची. डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला कागलच्या रस्त्यावर दुचाकी घसरली आणि कमरेखालचं सगळं गेलं. त्यानंतर जो तो शहाणपण शिकवायला टपलेलाच. लॅबमध्ये जा, रिपोर्ट तपास, खुर्चीतला डॉक्टर पेशंटला धीर तो काय देणार? ती कुणाचं न ऐकता फिजिशियन झाली. पण नोकरी द्यायला कोणी तयार होईना. शेवटी विजयसिंह सरांनी आपल्या दवाखान्यात घेतलं. सर सर्जन, माणूस भला, आणि भल्या माणसाचे उपकार फार जड असतात.

मागच्या दिवाळीत सरांनी मिटिंगमध्ये विचारलं होतं, "लिफ्ट नवी घालायची का डायलिसिसचं मशीन घ्यायचं? यंदा एकच जमेल. चौगलेबाई, तुम्हीच सांगा." सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. ती म्हणाली, "मशीन घ्या सर. माझं चालतंय." सगळ्यांनी तिचं केवढं कौतुक केलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. पेशंटसाठी सरांशी तावातावानं भांडणारी ही बाई, स्वतःसाठी मागायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

चाँदबी वरच्याच वॉर्डात होती. कबनूरची बाई, सगळा जन्म मागाच्या खडखडाटात गेलेला. साखरेनं पाय सडला आणि गुडघ्याखाली काढावा लागला. त्या दिवसापासून तिनं भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. मुलगा फराज आणि सून नाजिया विनवून थकली, पण बाई घास तोंडात घेईना. प्रियदर्शनीनं एक दिवस खुर्ची खाटेला भिडवली, ब्रेक लावला आणि केसपेपर वाचत बसली. बऱ्याच वेळानं चाँदबीनं मान वळवली.

"तुमचं बी कापलं काय?"

"न्हाय चाची. हाईत, पण नावाला."

"मग ठेवलंय कशाला?"

"चप्पल घालायला."

चाँदबी हसली. खाटेवर आल्यापासून पहिल्यांदाच. मग म्हणाली, "सगळी उभ्यानं बोलत्यात. वर बघून बघून मान अवघडती. तुमी बसून बोलता, बरं वाटतंय."

त्या दुपारी तिनं भात खाल्ला. पुढं रोज गप्पा. मी पण अशी खुर्ची घेतो, म्हणायची, भाकरी काय बसूनच थापतो की. खुर्ची चुलीपर्यंत जाईल का, मोरीत वळेल का, सगळं विचारून घ्यायची. प्रियदर्शनीला या बाईचा लळा लागला. आपल्यासारखं कुणीतरी भेटलं, हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटत होतं.

पण जखम पुन्हा चिघळली. आता मांडीतून काढावा लागणार होता. चाँदबी ऐकेना. "आदल्या बारीला मला झोपवलं, उठलो तर पायच न्हाय. लेकाला सांगितलं, सुनंला सांगितलं, मला कुणी सांगितलं काय? पाय माझाच हुता की."

म्हातारीचं खरं होतं. शेवटी चाँदबीच म्हणाली, "तुमी समोर असशीला तर कागदावर अंगठा देतो. न्हायतर न्हाय."

"मी असणार चाची. भूल चढेपर्यंत तुमच्या डोळ्यासमोर असणार."

ऑपरेशन ज्योतिबाची यात्रा झाल्यावर करायचं ठरलं. बाळासोनं तिघांसकट यात्रेची रजा मागितली, गावची सासनकाठी, ती मानाची उंच काठी, घेऊन डोंगरावर जायचं होतं. प्रियदर्शनीनंच सांगितलं, जावा की, एका दिवसानं काय होतंय. त्या दिवशी खालच्या मजल्यावर बसून फायली बघू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

नेमका त्याच सकाळी सरांचा फोन आला. चाँदबीला रात्रीत ताप भरलाय, विष अंगात पसरतंय, लगेच घ्यायला लागणार. प्रियदर्शनी आपली हातानं चालवायची गाडी हाणत आली. फराज रक्त आणायला ब्लड बँकेत गेला होता. वर नाजिया, सिस्टर आणि ऑपरेशनच्या तयारीत गुंतलेले सर. खाली म्हातारे कंपाउंडर लालासाब आणि तुरळक पेशंट. बाळासोचा फोन वाजत होता, पण डोंगरावरच्या त्या दणदणाटात कुणाला ऐकू येणार?

"फोनवर समजूत घाला तिची," सर वरून म्हणाले. सिस्टरनं फोन चाँदबीच्या कानाला लावला.

"चाची, मी खाली आलीया. अंगठा द्या, मी पोचतीच."

"फोन नगो," चाँदबीचा आवाज खोल गेला होता. "डोळ्यासमोर म्हणाला हुता की."

लालासाब आणि एक किरकोळ अंगाचा पावणा पुढं झाले. त्यांनी खुर्ची उचलली, दोन पायऱ्या चढवली आणि लालासाबांचा हात सुटला. खुर्ची कलंडली. प्रियदर्शनीनं कठडा धरला म्हणून निभावलं. "ऱ्हाऊ द्या चाचा," ती म्हणाली. "फराज येईल आता."

आणि ती पुन्हा जिन्याखाली फराजची वाट बघत बसली.

खरं तर तिला दुसरी वाट माहीत होती. मुरगूडला घरी माडीवर जायचं तर ती पायरीवर बसायची, हात मागं टेकवून स्वतःला वरच्या पायरीवर ओढायची. आई बघत नसली की. पण ते घर होतं. इथं अंगात पांढरा कोट, समोर तिच्या हातून औषध घेणारी माणसं. यांच्यापुढं जमिनीवरून सरपटायचं? लाज फार वाईट. ती तिला तिथं धरून बसली, आणि वर चाँदबी सगळ्यांना विचारत राहिली, बाई आल्या काय.

सिस्टर धावत जिन्यात आली. "म्याडम, त्यांची शुद्ध हरपायला लागलीया. सरांनी सुनंची सही घेतली."

तेव्हा कुठं ती खुर्चीतून फरशीवर उतरली. पाठ जिन्याकडं केली आणि निघाली. हात मागं, जोर, एक पायरी. निर्जीव पाय मागून फरफटत येत होते. कोट मळला, एक चप्पल खाली राहिली. जिन्यात बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्या उठून भिंतीला लागल्या. कुणी हसलं नाही, कुणाला बघवतही नव्हतं. 

ती वर पोचली तेव्हा ट्रॉली वॉर्डातून बाहेर पडत होती. चाँदबीचे डोळे उघडे होते. मान जिन्याकडं वळलेली होती आणि नजर खुर्चीच्या उंचीवर काहीतरी शोधत होती. प्रियदर्शनी फरशीवर होती, त्या नजरेच्या कितीतरी खाली.

"चाची, मी हितं हाय. हितं, खाली."

धाप लागल्यानं आवाज फुटेना. हात वर केला, तर ट्रॉलीच्या दांड्यापर्यंतही पोचेना. चाकं तिच्या शेजारून गेली आणि ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं.

चाँदबी टेबलावरच गेली. फराज रक्ताच्या पिशव्या घेऊन आला तेव्हा त्यांचा उपयोग संपला होता.

सर बाहेर आले, तिच्याजवळ उकिडवे बसले. "आधी घेतलं असतं तरी वाचली असती असं नाही," ते म्हणाले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि बाई, उद्यापासून तुम्ही खालची ओपीडीच बघा. वरच्या वॉर्डाची ही दगदग नकोच." ते मायेनंच बोलत होते. त्या मायेत आपला वॉर्ड गेला, हे तिला कळलं, पण भांडायला अंगात त्राण उरलं नव्हतं. रिकामी खुर्ची लालासाबांनी एकट्यानं वर आणली. तीत ती कशीबशी चढून बसली.

दिवस कलताना कबनूरची माणसं मयत न्यायला आली. निघायच्या आधी फराज तिच्याकडं आला. डोळे लाल, पण आवाज शांत.

"नाजिया म्हणाली, अम्मी शेवटपर्यंत तुमास्नी हुडकत हुती. तुमी आला न्हाईसा."

"आले होते. हितं खाली, फरशीवर होते. त्यांना दिसले न्हाय."

फराजनं फरशीकडं पाहिलं, जिन्याकडं पाहिलं. "लिफ्ट न्हाय व्हय?"

"बंद हाय."

"कवापास्नं?"

"दिवाळीच्या आधीपास्नं."

"आणि तुमी इतकं दिवस गप?" तो रागावला नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं. "डाक्टर हायसा तुमी. तुमी सांगितलं असतं तर केली नसती का कुणी?"

मिटिंग, मशीन, सरांचे उपकार, सगळं तिच्या ओठांवर आलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. पण ज्याची आई आत पांढऱ्या कापडाखाली होती त्याच्यापुढं ते ठेवायला तिचं मन धजेना.

"मला उचलणारी माणसं फार चांगली होती, फराज," ती म्हणाली.

फराज तसाच उभा राहिला. ती पुढं काहीतरी कारण सांगेल म्हणून त्यानं बराच वेळ वाट बघितली.