कर्मचाऱ्यांची खुर्ची दाराबाहेर का?

साहेब, तुम्ही मला काढलंत आणि वर सांगितलंत, जुनी झाली म्हणून काढली. हे खोटं आहे. माझा एकही पाय डगमगत नाही.

मित्रांनो, मी सागाची एक जुनी खुर्ची आहे. सुरतेजवळच्या एका छोट्या नगरपालिकेत माझं आयुष्य गेलं. माझं लाकूड डांगच्या जंगलातलं. मला घडवलं धुडकू सुताराने. तो खानदेशातून येऊन सुरतेच्या पांडेसऱ्यात राहिलेला. माझ्या पाठीवर त्याने कोरलं, ‘कर्मचारी प्रतिनिधी’. साहेबांच्या खुर्च्यांना गाद्या होत्या, चाकं होती. मला नव्हती. तरी माझ्यावाचून त्यांचं पान हलत नसे.

का, ते सांगते. झाडूवाले, पाणीवाले, गटारवाले, सगळ्यांच्या पगारातून दरमहा थोडा पैसा कापून पेन्शन फंडात जातो. म्हातारपणी तोच आधार. तो पैसा कुठे गुंतवायचा याचे नियम असतात: बराचसा सरकारी रोख्यांत, थोडाच शेअर बाजारात. आमच्या फंडाचा आणखी एक नियम होता. कर्मचाऱ्यांनी निवडलेलं माणूस माझ्यावर बसलेलं नसेल, तर गुंतवणुकीचा ठरावच होणार नाही.

माझ्यावर सगळ्यात शेवटी निवडून आली ती मालतीबाई, रस्ते झाडणारी. एका वर्षी तिने शेअर बाजाराला साफ नकार दिला. नेमका बाजार चढला आणि आमचा फंड मागे पडला. बैठक संपते न संपते, तोच गटार खात्यातल्या चिंधाने तिला दारातच गाठलं. दोघंही खानदेशचे, भांडणही अहिराणीतच.

“मावशी, भारी शायनी व्हयनी तू! तुन्यामुळे आपलं व्याज बुडनं!”

“बुडनं ना. मनंच चुकनं. दे शिव्या.”

“दी राह्यनू ना!”

“दे भाऊ. रोज सकाळी तुन्याच गल्लीमा राहस मी. सायेबले शिव्या देवाले कोठे जाशी?”

चिंधाला हसू फुटलं. पुढच्या वर्षी थोडा पैसा बाजारात गेला, तोही मालतीबाईच्याच होकाराने. ती चुकली होती, पण सगळ्यांसमोर चुकली होती. तिला जाब विचारता येत होता.

मग वरून नवा नियम आला. छोट्या नगरपालिकांचे फंड एकत्र करायचे आणि एकाच मंडळाने ते गुंतवायचे. माझी त्याला ना नाही, नीट ऐका! रक्कम मोठी असली की सौदा चांगला होतो, खर्चही वाटला जातो. पण त्या मंडळाच्या टेबलाशी कर्मचाऱ्यांची जागाच ठेवली नाही. मला झाडूंच्या खोलीत लोटलं. अंगावर ओली पोती टाकली.

मालतीबाई मंडळाच्या कार्यालयात जाऊन आली. तिथे काय झालं, ते तिने माझ्यावरची पोती काढता काढता चिंधाला सांगितलं. मंडळाचे साहेब गोड बोलले होते, “मालतीबेन, टेन्शन नका घेऊ. आता तज्ज्ञ आहेत.”

“असू द्या की. आम्ही चाळीतल्या बाया मिळून वर्षाचे गहू घेतो, साहेब. जास्त घेतले की स्वस्त पडतात. पण दाणा हातात घेऊन बघायला घरटी एक बाई जातेच.”

“हे गहू नाहीत, बेन.”

“मग तर नीटच बघायला पाहिजे!”

आज मंडळाची पहिली बैठक आहे. आमचा पैसा कुठे घालायचा, ते आजच ठरणार. चिंधाने मला टेम्पोत घातलं आणि मालतीबाईसोबत इथे, मंडळाच्या दाराशी आणलं. शिपायाने दारातच अडवलं.

“आत खुर्च्या भरपूर आहेत.”

“आहेत ना? मग एक आम्हाला द्या,” मालतीबाई म्हणाली.

तिने मला भिंतीशी टेकवलं आणि माझ्यावर बसली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला शिकवतात. मला पॉलिश नको, गादी नको. जिचा हक्क आहे तिला बसू द्या, एवढी जपणूक मला पुरे.

आणि साहेब, दार लोटलंत तरी आतला आवाज ऐकू येतोय. ठराव वाचायला घेतलात ना? आधी हे सांगा. पैसा ज्यांचा, त्यांच्यातलं एक माणूस त्या टेबलाशी का नको? तोंडावर उत्तर द्या.