पुलाचं पोट

पाच कमानी. प्रत्येक कमानीत एकोणचाळीस घडीव काळे दगड, म्हणजे एकूण एकशे पंच्याण्णव. कठड्यावर सालाचा एक दगड, १८९१. कमानींच्या वरच्या दोन्ही भिंतींत पाणी निघायला ठेवलेली चौकोनी भोकं, पूर्वेला अठरा, पश्चिमेला अठरा. जामखेडच्या रस्त्यावरचा हा पूल सुमैराने मे महिन्यात, भूशास्त्राची शेवटची परीक्षा दिल्यावर, असा मोजून वहीत उतरवला होता. जूनमध्ये पुलाचं सुशोभीकरण झालं. आता सप्टेंबर होता आणि भोकं शून्य होती.

"भिंतीला पोट सुटलंय साहेब. म्हातारपनी सुटतंच," ठेकेदार सूर्यभान म्हणाला आणि स्वतःच्या पोटावरून हात फिरवत हसला.

तालुक्याहून आलेल्या अभियंत्याच्या हातात कागद तयार होता. पूल धोकादायक, उद्यापासून बंद, पुढे पाडायचा. फक्त सही राहिली होती. ओढ्यापलीकडच्या मुक्ताबाई दुधाची बादली केंद्रावर रिकामी करून परत निघाल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. पूल गेला की दूध घालायला त्यांना चौदा किलोमीटरचा वळसा.

"मे महिन्यात मी ओळंबा लावला होता," सुमैरा म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती वहीकडे बघत होती. "भिंत अकरा मिलिमीटर बाहेर होती. आज अठ्ठावन्न. एवढ्या वर्षांत अकरा आणि चार महिन्यांत सत्तेचाळीस. हे म्हातारपण नाही, साहेब. आत पाणी कोंडलंय. भोकं उघडा."

"अकरा दिवस पाऊस नाही. कुठलं पाणी?" साहेब म्हणाले. "आणि हातभर सिमेंट फोडायचं म्हणजे दगड खिळखिळे होणार. ती जबाबदारी कोण घेणार?"

"हातभर आत, ठासून भरलंय," सूर्यभान म्हणाला. "हिच्याच बापाला इचारा की. बाबाजान मिस्त्रीच्या हातचं काम हाय."

हे खरं होतं, आणि सुमैराला तेच सर्वांत जास्त डाचत होतं. पाणी अडलं की ते भिंत ढकलतं, हे तिला लहानपणी ज्या माणसाने शिकवलं, त्यानेच रोजंदारीवर जाऊन छत्तीसच्या छत्तीस भोकं बुजवली होती. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"सांगा ना अब्बा," ती म्हणाली. "ठासून भरलं ना?"

काठावर बसलेले बाबाजान उठले. पिशवीतून छिन्नी-हातोडी काढून ते भिंतीशी गेले. खांद्याइतक्या उंचीवरचं एक भोक त्यांनी गिलाव्यावर बोट फिरवून नेमकं हुडकलं.

"साहेब, जरा बाजूला व्हा. कपडे भिजतील."

एका घावात सिमेंटची खपली खाली पडली. सुमैराने ती उचलून पट्टी लावली. अठरा मिलिमीटर. खपलीमागे भोकात गोणपाटाची गुंडाळी कोंबलेली होती.

सूर्यभानचं हसू गेलं. "मिस्त्री, हातभर सांगितलं हुतं."

"बुजव म्हनलात, बुजवलं. किती खोल, ते बघाय तुमी कुटं आलात?"

मुक्ताबाई फिसकन हसल्या. सुमैरा हसली नाही. खपली तिच्या मुठीत होती, तिची कड तळव्यात रुतत होती.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "मी दर आठवड्याला इथं ओळंबा लावत होते. भिंत फुगत होती. आणि तुम्ही गप्प बसलात."

"काम ह्यांचं हुतं, बेटा. बोललो असतो तर परत कुनी बोलावलं नसतं."

"आणि भिंत पडली असती तर?"

बाबाजानांनी गोणपाटाचं टोक धरून ओढलं. आधी लाल चिखल आला आणि मागोमाग मनगटाएवढी धार.

"माझ्या म्हशीला अशी धार सुटली असती तर," मुक्ताबाई म्हणाल्या.

"थोडं साठलं असेल," साहेब म्हणाले. "थांबेल आता."

"मग तासभर थांबा," सुमैरा म्हणाली. "त्यानंतर सही करा."

तिने मुक्ताबाईंची बादली धारेखाली धरली आणि मोबाईलवर वेळ मोजली. पंधरा लिटर, बावीस सेकंद. आकडा वहीत लिहून तिने वही साहेबांच्या कागदावर ठेवली. साहेबांनी पेन खिशाला लावलं.

तासाभराने तिने तीच बादली पुन्हा धरली. पंधरा लिटर, चोवीस सेकंद.