एका मुंडीचे दोन पाहुणे

मी कझान बोलतोय. बिडाचा, काळाकुट्ट, अख्खा मेंढा सहज मावेल एवढा. तुमच्याकडे काहील म्हणतात ना, त्यातलाच. शाळा-बिळा काही झालेली नाही माझी, त्यामुळे गोडगोड बोलता येत नाही. ऐकायचं तर ऐका.

मला ओतलं उरलकडच्या एका कारखान्यात. जिथं आधी तोफगोळे ओतायचे, त्याच भट्टीत. तिथून बुरुलच्या, म्हणजे माझ्या मालकिणीच्या, सासऱ्यानं मला गाडीला उलटा बांधून अक-बुलाक गावात आणलं. बुरुल लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं माझ्या काठाला हात भाजून घेतला आणि शिवी मला दिली. तेव्हापासून आमचं जमलं.

लग्न, सुंता, मयत, माझ्यावाचून काही होत नाही. आणि दर गुरुवारी मेलेल्यांसाठी सात पोळ्या तळायच्या. तेलाचा वास वर गेला की ज्याचं नाव घेतलं त्याचं पोट भरतं म्हणे. बुरुल सासऱ्याचं नाव घेते, नवऱ्याचं घेते. कुबानचं घेत नाही.

कुबान तिचा एकुलता एक मुलगा. त्र्याऐंशी साली सैन्यात नेला. निरोपाचं जेवण माझ्यातच शिजलं. मॉस्कोहून आलेला साहेब हाडावरचं मांस ओढत म्हणाला, "अफगाण लोकांनी आम्हाला बोलावलंय, आई. तिथं शाळा बांधायच्यात." पोरगा गेला. वर्षानं एक कागद आला: कर्तव्य बजावताना बेपत्ता. मेला असंही नाही, जिवंत असंही नाही. पेटी नाही, कबर नाही. मग आईनं पोळ्या तळायच्या कशा? जिवंत पोराच्या नावानं तळल्या तर पाप, मेलेल्याच्या नावानं नाही तळल्या तर तो तिकडं उपाशी. या कात्रीत ती अडकली ती अडकलीच.

पुढं ते मोठं सोव्हिएत राज्य फुटलं, आमचा छोटा देश वेगळा झाला. काही वर्षांनी आमच्या खोऱ्यात दोन फौजी विमानतळ झाले. एक अमेरिकेचा, एक रशियाचा. मध्ये जेमतेम घोड्यावरून अर्ध्या दिवसाचं अंतर, आणि मधोमध आमचं गाव. अमेरिकेची विमानं कुठं निघाली? त्याच अफगाण मुलखात. त्यांचा साहेब शाळेत बाकडी वाटायला आला आणि आयझादा मास्तरणीनं त्याचं बोलणं उलगडून सांगितलं: "त्यांनी आम्हाला बोलावलंय. तिथं शाळा बांधायच्यात." मी चुलीवर होतो. वाटलं, रस्सा तोच आहे, नुसता वाढपी बदललाय.

दोन हजार आठ सालची गोष्ट. एक सप्टेंबर, शाळा उघडायचा दिवस. अमेरिकेनं शाळेला छपराचे पत्रे दिले होते, रशियानं शेगडी. आमचा म्हातारा पुढारी मुकाम्बेत, दाढी पांढरी झाली पण कंजूषपणा तसाच. त्यानं दोन्ही विमानतळांवरच्या साहेबांना एकाच दिवशी जेवायला बोलावलं. का, तर एकाच मेंढ्यात भागेल. आता मेंढ्याला मुंडी एक. मुंडी द्यायची ती मानाच्या पाहुण्याला. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा पाणी उकळत होतं.

"आता कुणाला देणार, मुकाम्बेत?" बुरुलनं विचारलं.

"जो म्हातारा असेल त्याला."

"दोघंही तुझ्या पोराएवढे आहेत. बस आता दाढी उपटत."

सतरंजीवर दोघं समोरासमोर बसले. मान लववून एकमेकांना नमस्कार, आणि मग सुरू. आदल्याच महिन्यात रशियाचे रणगाडे जॉर्जियात शिरले होते. अमेरिकन म्हणाला, दुसऱ्याच्या देशात फौज घालणं हा गुन्हा आहे. रशियन म्हणाला, मग इराकात काय तुम्ही सहलीला गेलात का? हा म्हणतो तुम्ही छोट्या देशांना दाबता, तो म्हणतो तुम्ही सगळ्या जगाला दाबता. मला दोघांचंही पटलं. दुसऱ्याबद्दल बोलताना दोघंही अगदी खरं बोलत होते! मध्ये रशियन छाती काढून म्हणाला, "बर्लिनवर झेंडा आम्ही लावला. जगाला आम्ही वाचवलं."

तेवढ्यात मुंडीचं ताट घेऊन बुरुल आली. ताट खाली ठेवलं नाही. हातात धरून उभी राहिली.

"साहेब, माझा कुबान त्र्याऐंशीला तुमच्या लोकांनी नेला. कुठं पुरला तेवढं सांगा. बाकी काही नको मला."

रशियन गडबडला. "आजी, वाईट झालं. पण तो सोव्हिएत संघ होता. ते सरकार आता उरलं नाही. तुम्ही तुमच्या इथल्या सरकारला अर्ज करा."

मुकाम्बेत पुढं सरकला. "आत्ता बर्लिन जिंकलंत ते कुठलं सरकार होतं मग? विजय तेवढा तुमचा, मढी आमची?"

अमेरिकन साहेबानं मान हलवली. 'बघा, असेच आहेत हे लोक' अशी.

"तू मान हलवू नकोस," बुरुल त्याच्याकडं वळली. आयझादा जरा सौम्य करून सांगायला गेली तर तिलाही दटावलं. "जसं बोलते तसं सांग. त्या मुलखात आता हे आहेत. डोंगर न्‌ डोंगर यांच्या यंत्रातून दिसतो म्हणे. एक कबर दिसेना?"

तो अदबीनं बोलला. आयझादानं खाली बघत सांगितलं, "आपा, ते म्हणतात, तो स्वतंत्र देश आहे. तिथल्या कारभारात आम्ही ढवळाढवळ करत नाही."

त्याच वेळी डोक्यावरून एक जाडजूड विमान दक्षिणेकडं, त्याच मुलखाकडं गेलं. माझ्यातला रस्सा थरथरला.

"आणि ते काय तिकडं ताक घुसळायला चाललंय?" मुकाम्बेत म्हणाला. गावकरी हसले. बुरुल हसली नाही.

मग एक नवल झालं. इतका वेळ भांडणारे दोघं एकाच वेळी घड्याळाकडं बघायला लागले. लेखी द्या, दोघंही म्हणाले. योग्य त्या कार्यालयाकडं पाठवू, हेही दोघं म्हणाले. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढ्याचवर.

मुकाम्बेतनं विचारलं, "मुंडी कुणापुढं ठेवू, आपा?"

"अर्धी अर्धी कर," बुरुल म्हणाली. "वाटून घ्यायची सवय आहे त्यांना."

आमच्यात मुंडी कुणी चिरत नाही, अर्धी देणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. पाहुण्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी अर्धी अर्धी घेतली आणि आभारही मानले. फोटोसुद्धा काढला. गावातल्या माणसांनी माना खाली घातल्या.

आयझादानं दोन अर्ज लिहिले. आठ महिन्यांनी उत्तरं आली. रशियाचं पत्र म्हणालं, हा विषय संबंधित नव्या राष्ट्राचा आहे. अमेरिकेचं म्हणालं, आम्हाला मनापासून सहानुभूती आहे. कागद चांगला होता, जाड. चूल पेटवायला बरा पडला असता, पण बुरुलनं दोन्ही पत्रं पेटीत ठेवली.

नंतर अमेरिका आमचा विमानतळ सोडून गेली. जिथं ढवळाढवळ करत नव्हती, त्या मुलखातूनही एक दिवस निघून गेली. रशिया इथंच आहे. परवा-परवा आणखी एका शेजाऱ्याच्या घरात शिरला, तेव्हा टीव्हीवर पुन्हा तेच: आम्हाला बोलावलंय, वाचवायला चाललोय. अमेरिकेनं लगेच दुसऱ्याच्या हद्दीचा मान राखायचा उपदेश सुरू केला. बुरुल म्हणाली, "बंद कर ते," आणि मास्तरणीनं बंद केला.

मुकाम्बेत गेला. बुरुल ऐंशीच्या पुढं गेलीय. माझ्या बुडाला चीर पडलीय, रस्सा गळतो, म्हणून आता मोठं जेवण कुणी माझ्यात करत नाही. काठापासची बाजू शाबूत आहे, तर मला तिरका ठेवून गुरुवारच्या पोळ्या तेवढ्या तळतात.

गेल्या गुरुवारी सासऱ्याच्या झाल्या, नवऱ्याच्या झाल्या. कणकेचा एक गोळा उरला. तिनं तो लाटला, हातावर घेतला आणि माझ्यावर वाकून तशीच थांबली. "सांग ना," म्हणाली. "घालू का?"

मी लोखंड. मला काय कळतंय? पण मोठ्या कचेऱ्यांत कुठंतरी एखादा कागद असेल, ज्यावर डोंगराचं नाव आहे, तारीख आहे. ज्यांच्याकडं असेल त्यांनी एकमेकांचे गुन्हे मोजायचं जरा वेळ थांबवावं आणि एवढं सांगावं: तो आहे, की नाही? शाळा नकोत, छपराचे पत्रे नकोत, सहानुभूती तर मुळीच नको.

लवकर सांगा. तिचा हात दुखायला लागलाय आणि तेल जळत चाललंय.