दोन अंशांवरची दहावी खेप

दहावी खेप बिनबोभाट पोचली, तर थोरलीच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली म्हणजे फळांच्या कंपनीचा वर्षभराचा करार, जो सलग दहा खेपा बिनतक्रार पोचवणाऱ्यालाच मिळे. आठवड्याला दोन खेपा ठरलेल्या, भाडं आत्तापेक्षा दहा टक्के जास्त, आणि माल मिळवायला दलालांच्या दारात ताटकळणं कायमचं बंद. दुसरी, धाकट्या दिराची भागीदारी. कराराचा कागद दिसला की तो आपला जुना ट्रक विकून दुसऱ्या थंड गाडीत निम्मे पैसे घालणार होता. तिसरी गोष्ट पैशात मोजता येत नव्हती, आणि तिन्हींत गोड तीच होती. एकदा पैसे घातले, की धाकट्याला तिच्या गाडीला नावं ठेवता आली नसती.

घरातली मोठी सून म्हणून ती थोरली. पुढे ट्रक चालवायला लागली तरी नाव तेच राहिलं. रस्त्यावरचे केस पिकलेले ड्रायव्हरही तिला थोरलीच म्हणत. नवरा शाळेत मास्तर. त्याच्या पगारावर घर चालतं आणि माझ्या गाडीवर पळतं, असं ती स्वतःच सांगायची, आणि मास्तर त्यावर हसायचे, कारण हिशोब खरा होता.

धाकटा बारा वर्षं सिमेंट वाहत होता. सिमेंट नासत नाही, रुसत नाही, वास मारत नाही, हे त्याचं तत्त्वज्ञान. थोरलीने शीतगृहासारखी बंद पेटी असलेला ट्रक घेतला, तेव्हा तो म्हणाला होता, "वहिनी, फ्रिजला चाकं लावून घेतलीत म्हणायची." आता त्याच फ्रिजची कमाई बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पण गडी असा, की पाण्यात उतरायच्या आधी दुसऱ्याला बुडवून खोली बघणारा. म्हणून दहाव्या खेपेला तो सोबत आला. "मी काही करणार नाही. नुसता बसून येतो, बघतो."

"बघायला पैसे पडत नाहीत," थोरली म्हणाली.

सकाळी सहाला गाडी फळं भरायच्या कोठाराशी लागली. त्याआधी तासभर थोरलीने गाडीची रिकामी पेटीच थंड करत ठेवली होती. पेटीच्या पुढच्या बाजूला, केबिनच्या मागे, थंडीचं मशीन. त्याचं इंजिन वेगळं, डिझेलची टाकी वेगळी, आणि घरघर अशी की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे.

"रिकाम्या पेटीला कशाला थंडी?" धाकट्याने विचारलं.

"भाऊजी, ही गाडी माल थंड करत नाही. थंड माल थंड ठेवते. कोमट भरला तर कोमटच उतरेल, आणि बोल मला लागेल."

तिने खिशातून सुईचा थर्मामीटर काढला आणि तीन वेगवेगळ्या पेट्यांतल्या स्ट्रॉबेरींत टोचला. दोन अंश, दोन अंश, अडीच. वेळेसकट आकडे पावतीवर लिहिले आणि पावती कोठाराच्या मुकादमापुढे धरली.

"दर वेळी सुई टोचता," मुकादम सही करता करता म्हणाला, "माझ्या फळांना ताप येतो का हो?"

"ताप तुमच्याकडे आला की माझ्याकडे, एवढंच लिहून ठेवते. औषध ज्याचं त्याने घ्यावं."

धाकटा खूश झाला. मग थोरलीलाही चेव आला. मागचं दार उघडताना तिने मशीन बंद केलं आणि बंद का केलं तेही सांगितलं. दार उघडं असताना मशीन चालवलं तर ते बाहेरची दमट हवा ओढतं, आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो, आणि पुढे वाटेत ते दम्याच्या पेशंटासारखं धापा टाकतं. "दार उघडं, मशीन बंद. दार बंद, मशीन चालू. एवढं आलं की निम्मा धंदा आला."

सातशे पेट्या चढल्या. वर आणि बाजूंना हवा फिरायला जागा ठेवली की नाही, ते थोरलीने आत वाकून पाहिलं. तेवढ्यात धाकट्याने खरा प्रश्न टाकला.

"ते सगळं ठीक. पण सरळ सांगा वहिनी, यात मिळतं काय आणि जातं काय?"

कुणी असा प्रश्न विचारावा म्हणून थोरली दोन वर्षं थांबली होती. दार लावता लावता तिने पहिलं बोट दुमडलं. "भाडं, सिमेंटच्या दीडपट." दाराला कुलूप घालताना दुसरं. "काम कधी आटत नाही. मंदी आली की माणसं घर बांधायची थांबतात, जेवायची नाही." केबिनमध्ये चढताना तिसरं. "ताडपत्री नाही, दोरखंड नाही, कंबर शाबूत राहते." गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा ती तोट्यांपर्यंत आली होती. "माल उतरवायला रांगेत चार-चार तास. मशीन वेगळं डिझेल पितं. प्रत्येक खेपेनंतर पेटी आतून धुवायची, नाहीतर कालच्या मासळीचा वास आजच्या फळांना. आणि सगळ्यात मोठा तोटा, इथे चुकीला माफी नाही. सिमेंट दोन दिवस उशिरा पोचलं तरी सिमेंटच असतं."

"तुमच्यासारखी माणसं चुकत नाहीत म्हणा."

"सवयीने चुकत नाहीत," थोरली म्हणाली, आणि पुढचा तासभर तिने न चुकण्याच्या सवयी सांगितल्या.

रस्ता मोकळा होता. धाकट्याने पाय पसरले, जांभई दिली आणि समाधानाने म्हणाला, "एका बाबतीत मात्र तुम्ही उगाच घाबरवलंत. त्या मशीनच्या आवाजाने डोकं उठतं म्हणाला होतात. मला तर काहीच ऐकू येत नाही. इतकी शांत गाडी मी पाहिली नाही."

थोरलीने गाडी कडेला घेतली.

खाली उतरून तिने पेटीवरचा फलक पाहिला. मशीन बंद होतं. दार लावलं, कुलूप घातलं, बोटं दुमडली, आणि चालू करायचं तेवढं राहिलं. एक तास चाळीस मिनिटं. पेटीतली हवा नऊ अंशांवर गेली होती. तिने कळ दाबली आणि मशीन असं गुरगुरलं, जणू त्यालाच कुणी शिवी दिली होती.

धाकटा मागोमाग उतरला. "दार उघडून बघू या का, किती बिघडलंय ते?"

"उघडलं तर उरलीय तीही थंडी जाईल."

"मग मुकादमाने कोमट माल भरला म्हणा."

"दोन अंश मी लिहिलेत. माझ्या अक्षरात, त्याच्या सहीने."

"मशीन बिघडलं म्हणा."

"मशीन दर पंधरा मिनिटांनी आतल्या आत नोंद ठेवतं. कधी बंद केलं, कधी चालू केलं, सगळं. मागितली की पट्टी छापून देतं. भाऊजी, या गाडीत माझ्याशिवाय कुणालाच खोटं बोलता येत नाही."

"मग तुम्ही बोला की. म्हणजे खोटं नको, नुसतं गप्प बसा. पोचेपर्यंत हवा पुन्हा दोनवर येईल. पट्टी कुणी मागितलीच नाही तर?"

हे मात्र खरं होतं. उतरवायच्या कोठारातले तपासनीस, ज्यांना सगळे सुईसाहेब म्हणत कारण ते स्वतःच्या चहातही सुई बुडवून बघत, त्यांनी मागच्या चार खेपांत तिची पट्टी मागितली नव्हती. थोरलीचा माल म्हणून दाराजवळच्या दोन पेट्या टोचायचे आणि सही करायचे. थोरलीने तिथेच, इंडिकेटर लावलेल्या गाडीला टेकून, मनात दोन्ही बाजू मांडल्या. गप्प बसलं तर दहात सात वेळा सुटका. पण एकदा गरम झालेली स्ट्रॉबेरी फार टिकत नाही. आजच्या आज विकली तर फळ, कंपनीने नेहमीसारखी दोन दिवस ठेवली तर बुरशी. मग दुकानांतून ओरड येणार, पट्टी निघणार, आणि करार तर जाईलच, पण साऱ्या कोठारांतून तिचं नावही जाईल. बोललं तर आजचा करार नक्की गेला. माल मात्र बराचसा वाचेल.

तिने फोन लावला.

"साहेब, मशीन बंद राहिलं होतं."

"बिघडलं?"

"नाही. मी चालू करायला विसरले."

सुईसाहेबांनी ड्रायव्हरांची कारणं वीस वर्षं ऐकली होती. त्यांत हे नव्हतं. "किती वेळ?"

"एक तास चाळीस मिनिटं. माल बहुतेक वाचलाय, पण आजच निघायला हवा."

"पट्टी छापून आणा. रांगेत थांबू नका, सरळ सात नंबरच्या दाराला लावा."

दुपारी एकला गाडी पोचली. अठरा गाड्यांची रांग ओलांडून थोरली पुढे गेली आणि अठरा केबिनांतून तिला आणि तिच्या घराण्याला जे ऐकवलं गेलं, ते धाकट्याने नव्याने शिकून घेतलं.

"वहिनी, रांगेचा तोटा मिटला की."

"या वाटेचा टोल अजून भरायचाय."

सुईसाहेबांनी त्या दिवशी दोन पेट्या टोचल्या नाहीत. साठ टोचल्या. तासभर ते गाडीच्या पेटीत होते, थोरली कंदिलासारखी बॅटरी धरून मागे, आणि धाकटा दाराशी घामाघूम. मधला माल तीन अंशांवर होता. चारपर्यंत चालतं. वरच्या थरातल्या आणि दारालगतच्या चाळीस पेट्या मात्र सहा अंशांवर निघाल्या.

"चाळीस परत," सुईसाहेब म्हणाले. "त्यांची किंमत भाड्यातून कापली जाईल. बाकीचा माल आजच दुकानांना पाठवतो. फोन आला नसता तर परवापर्यंत ठेवला असता."

"बरं."

"ही खेप बिनतक्रार धरता येणार नाही. मोजणी पुन्हा एकपासून."

थोरलीने मान हलवली. धाकट्याला वाटलं, आता वहिनी नऊ खेपांचा दाखला देतील, निदान अर्धं तरी धरा म्हणतील. ती म्हणाली, "माझी पहिली खेप शुक्रवारी. पाच आठवड्यांनी करार टाइप करून ठेवा."

"ठेवतो. आणि यापुढे पट्टी दर वेळी मागणार. गेल्या चार खेपा मीही सवयीनेच सह्या करत होतो."

चाळीस पेट्या आता थोरलीच्या मालकीच्या झाल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली, तर धाकटा एक पेटी खांद्यावर घेऊन रांगेकडे निघालाही होता. सिमेंट वाहणाऱ्या माणसाला फळ विकता येतं हे तिला माहीत नव्हतं. त्याने पहिल्या केबिनच्या काचेवर टकटक केलं. "आई-बहीण काढून घसा सुकला असेल. घ्या, स्ट्रॉबेरी. निम्म्या भावात."

"पुढे घुसलात म्हणून का?"

"वहिनी विसरल्या म्हणून. गोड आहेत, आज खाल्ल्या तर."

साडेचारपर्यंत तीस पेट्या गेल्या. धाकट्याने चुरगळलेल्या नोटा थोरलीच्या हातावर ठेवल्या, आणि मग स्वतःचं पाकीट काढलं.

"हे काय?"

"तुटीतला माझा निम्मा वाटा."

"भाऊजी, करार झालेला नाही. तुम्ही नुसते बसून आला होतात."

"बसून आलो आणि बडबड करायला लावली. ट्रक मी पुढच्या आठवड्यात विकायला काढतो. मोजणी एकपासून आहे ना, मग मीही एकपासूनच येतो." नोटा पुढे करत तो म्हणाला, "तुम्ही खोटं बोलला असतात तर पाकीट खिशातच राहिलं असतं. सातशे पेट्यांचा धंदा करायचा माणसाबरोबर, तर तो फोनवर काय बोलतो ते ऐकलेलं बरं."

थोरलीने नोटा मोजल्या आणि ठेवून घेतल्या. नको नको म्हणण्यात तिने कधी वेळ घालवला नव्हता. "चढा. आणि गाडी हलायच्या आधी मशीनचा आवाज तुम्ही ऐकायचा. यापुढे हे काम तुमचं."

"पेटी तर रिकामी आहे."

"मग बंद आहे ना, ते ऐका."

घरी पोचल्यावर तिने वहीत त्या दिवसाचं पान लिहिलं. कापल्या गेलेल्या चाळीस पेट्या. त्यांपैकी पंधरांची किंमत रांगेतल्या ड्रायव्हरांनी भरली, आणि शिव्या परत घेतल्या नाहीत. उरलेल्या पंचवीसांतल्या साडेबारा धाकट्याने भरल्या, साडेबारा तिने. न खपलेल्या दहा पेट्या मास्तर उद्या सायकलवर दोन फेऱ्या करून शाळेत नेणार. आणखी दहा खेपा जुन्याच भाड्याने, दर खेपेला कराराचे वाढीव दहा टक्के बुडाले, म्हणजे एक अख्खी खेप फुकट. ती एकट्या थोरलीच्या नावावर. कंपनीच्या नावापुढे तिने रेघ ओढली. त्यांनी काहीच भरलं नव्हतं.