बिगुलाची कवळी

तालमीच्या दिवशी बाबांनी बिगूल ओठाला लावला, छातीभर वारा घेतला, आणि सुराच्या आधी त्यांची वरची कवळीच बाहेर आली. पडली ती नेमकी स्मारक समितीच्या चिटणीसांच्या चहात. चिटणीस भला माणूस. चमच्यानं काढली, रुमालानं पुसली, अदबीनं परत दिली. पण देता देता म्हणाले, "काका, यंदा रेकॉर्डिंगच लावू या. फोनमध्ये आहे माझ्या. एक सूर हलत नाही."

"सूर हलला नाही, तर वाजवणारा जिवंत आहे हे कळायचं कसं?" बाबा म्हणाले. पण ते कवळीशिवाय म्हणाले, त्यामुळे माझ्याखेरीज कुणालाच कळलं नाही.

बाबा लढाईत बिगूलवाले होते. परत न आलेल्या अकरा साथीदारांसाठी दरवर्षी स्मारकापाशी निरोपाची धून तेच वाजवत. खरं तर ती छावणीतली रोजची धून. दिवस सरला, दिवे मालवा, झोपा आता, एवढंच सांगणारी. त्या अकरा जणांना झोपवायचं काम बाबांनी आपल्याकडे घेतलं होतं, आणि ते फोनकडे जाणार म्हटल्यावर बाबा गप्प झाले. बाबा गप्प झाले की घड्याळाची टिकटिकसुद्धा भांडल्यासारखी वाटते.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी दात पाठवते. एक खिडकी, एक दिवा, प्लास्टरचे साचे, मेणाच्या वड्या, आणि फळीवरच्या डब्या-डब्यांतून लोकांचं हसू. एवढी माझी खोली. तिथल्या खुर्चीत बाबांना आणून बसवलं.

"नवी करते. चावायची नाही, वाजवायची. आ करा."

"शत्रूपुढेसुद्धा तोंड उघडलं नाही मी."

"मग बिगूल काय नाकानं वाजवलात?"

"आईवर गेलीयस," म्हणत त्यांनी आ केला.

मेणाच्या तात्पुरत्या कवळीत दात बसवायचे, ती बाबांनी तोंडात घालून हलकेच फुंकायचं, बिगूल ज्या दातावर दाबेल तो मी गरम सुरीनं केसभर मागे सारायचा. मग पुन्हा फुंकायचं. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "निरोपाचीच वाजवा ना. तिचंच तर काम आहे."

बाबांनी मान हलवली. "ती नाही. लढाईनंतर ती फक्त त्यांच्यासाठी ठेवलीय. सरावापायी त्यांना सारखं उठवायचं, सारखं झोपवायचं, बरं दिसतं का?"

"मग?"

"जेवणाची वाजवतो."

जेवणाची धून म्हणजे नुसती उड्या मारणारी. शेरडं सुटल्यासारखे सूर. तीन आठवडे मेणात तीच, आणि पक्की कवळी झाल्यावरही तीच. शेजारचा शिंपी साडेदहालाच डबा उघडायला लागला. "ताई," तो एकदा दारात येऊन म्हणाला, "तुमच्या बाबांपायी माझा पट्टा दोन भोकं पुढं गेला."

मग तो दिवस आला. चौकातला दगड धुऊन लख्ख केलेला, त्यावर अकरा नावं. पुढच्या खुर्च्यांवर बाबांचे उरलेले तीन साथी, त्यांतला सगळ्यात उंच, ज्याला सगळे उंटच म्हणतात. त्यांच्या शेजारी काकू. त्या अकरा जणांतल्या एकाच्या पत्नी. दरवर्षी यायच्या, त्या दगडाइतक्याच निश्चल बसायच्या, आणि न बोलता जायच्या. चिटणीस खांबाजवळ फोन हातात धरून तयार. न जाणो.

बाबा उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघत होते, मी त्यांच्या वरच्या ओठाकडे. त्यांनी श्वास घेतला. कवळी हलली नाही, तसूभरही नाही! आणि भर चौकात, माना झुकवून उभ्या असलेल्या दोनशे माणसांवर, खणखणीत वाजली जेवणाची धून.

चूक बाबांची नव्हतीच. त्या दातांना मी दुसरं काही शिकवलंच नव्हतं. बाबांनाही थांबता येईना. सुटलेली शेरडं कुठं मध्येच थांबतात?

शेवटचा सूर विरला. चिटणीसांचं बोट फोनवर गेलं. तेवढ्यात उंट उठला, आणि घोगऱ्या गळ्यानं त्याच धुनीवर गायला लागला:

"पातेल्यात पाणी, पाण्यात बटाटा,
आधी येईल त्याला मोठा वाटा!"

उरलेले दोघेही काठ्या टेकत उठले:

"उशिरा येईल त्यानं पातेलं घासावं,
पातेल्यात बघून आपल्यालाच हसावं!"

काकूंनी मान वर केली. "हे कुणी रचलं?"

बाबा बिगूल पाठीमागे लपवत म्हणाले, "वहिनी... तुमच्याच ह्यांनी. आचाऱ्याला चिडवायला. तुमच्यापुढं कधी म्हटलं नाही, म्हटलं बरं दिसायचं नाही."

"आणि मला पत्रात लिहायचे," काकू म्हणाल्या, "जेवण झकास आहे, काळजी नसावी!" आणि त्या हसल्या. आधी पदराआड, मग उघड, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पातेलं कोण घासायचं हो, भाऊजी?"

"तेच. कडवी जुळवत बसायचे, जेवायला उशीर व्हायचा."

"अजून यायचाय," उंट म्हणाला. "पातेलं तसंच ठेवलंय आम्ही."

"पुन्हा वाजवा," काकू म्हणाल्या.

बाबांनी पुन्हा वाजवली. या वेळी अख्खा चौक गायला. शिंपी तर सगळ्यांच्या वरच्या पट्टीत. धून त्याला पाठच होती. काकू टाळीवर ताल धरत होत्या आणि ओठांनी शब्द गोळा करत होत्या, एकही सांडू नये म्हणून.

गाणं निवलं. काकूंनी डोळे पुसले, आणि दगडावरच्या एका नावावर, घरच्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवला.

"आता ती नेहमीची वाजवा, भाऊजी. पोटभर जेवलेत. झोपू दे आता."

बाबांनी बिगूल उचलला. निरोपाची धून संथ निघाली, दिवे एकेक करून मालवत गेल्यासारखी. अगदी वरच्या जागी एक सूर हलला.

खांबाजवळ चिटणीसांनी फोन बंद केला, आणि खिशात टाकला.